वेशीवरचा गार वायू

मार्गशीर्षातील एका रात्री निपाणीजवळच्या एका स्नेह्यांच्या मळ्यात आम्ही गुऱ्हाळावर बसलो होतो. चुलवाणात चिपाड पडत होते, काहिलीतला रस उसळत होता आणि गुळव्या फेस बाजूला सारीत, पाकाचा रंग निरखीत उभा होता. भोवती बसलेल्यांची तोंडे धगीने तापली होती, पाठी मात्र थंडीने काकडल्या होत्या. स्नेह्यांचा धाकटा नातू कंटाळून चरकापाशी गेला आणि तेथे रचलेल्या उसाच्या मोळीला हात लावून ओरडला, "आजोबा, ह्यो ऊस बघा किती गार हाय!"

आजोबा जागचे न हलता म्हणाले, "असंल की. त्याची पाळी अजून यायची हाय."

हे उत्तर आम्हांला पुढे अनेक दिवस आठवत राहिले, कारण त्याच सुमारास एका शिक्षक-वाचकांचे पत्र आले होते. त्यांनी विचारले होते : दीर्घिकांच्या समूहांच्या बाहेरच्या भागात थंड वायू सापडतो असे वाचनात आले, मग तो मध्यभागी का नाही, आणि इतक्या दूरचा वायू मोजला तरी कसा? पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आजोबांनी देऊन टाकले आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. निपाणीहून महामार्गाने पुणे गाठावे आणि तेथून नाशिकच्या रस्त्याला लागावे. नारायणगावच्या पलीकडे खोडद नावाचे गाव आहे.

पण आधी समूह म्हणजे काय ते पाहू. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजाराहून अधिक दीर्घिका परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या जाऊन एकत्र नांदतात, तो समूह. आपल्याला जवळचा मोठा समूह कन्या राशीत आहे, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर. चैत्र-वैशाखात रात्री नऊ-दहाच्या सुमारास उत्तरा फाल्गुनीपासून कन्येकडे नजर सरकवली की जो काळोखा, रिकामा पट्टा लागतो, तेथे तो आहे. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही; लहानशा दुर्बिणीतून धुरकट ठिपके दिसतात, आणि त्यांतला प्रत्येक ठिपका अब्जावधी ताऱ्यांचा असतो.

या दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी असावी असा समज बरीच वर्षे होता. १९७० च्या डिसेंबरात 'उहुरू' हा उपग्रह अवकाशात गेला आणि समूहांच्या मधल्या भागातून क्ष-किरण येत असल्याचे त्याने दाखविले. ती जागा वायूने भरलेली आहे, आणि त्या वायूचे तापमान कोट्यवधी अंश आहे. समूहातील सर्व ताऱ्यांचे मिळून जेवढे वजन, त्याहून या अदृश्य वायूचे वजन कितीतरी अधिक. तरीही तो इतका विरळ की मध्याजवळसुद्धा एक लिटरच्या भांड्यात त्याचे मोजके दोन-चार कण सापडावेत.

काहिलीखाली जाळ असतो. समूहाच्या मध्याशी जाळ कोणी लावला? कोणीच नाही. ही उष्णता पडण्यातून आलेली आहे. गोकाकचा धबधबा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. सुमारे ५२ मीटर उंचीवरून पाणी खाली आदळते तेव्हा त्याच्या पडण्याचा वेग उष्णतेत बदलतो आणि तळाचे पाणी अंशाच्या आठव्या हिश्शाइतके तापते, निदान हिशेबाने तापावयास हवे. वाऱ्याने व बाष्पीभवनाने ते तेवढेच गारही होते, म्हणून तेथे तापमापक घेऊन जाण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. समूहाचे गुरुत्वाकर्षण मात्र गोकाकच्या कड्यासारखे नव्हे. लक्षावधी प्रकाशवर्षांवरून आत पडणारा वायू सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरातील वेगाने येऊन आधीच्या वायूवर आदळतो, आणि मग अंशाचा आठवा हिस्सा नव्हे, कोट्यवधी अंश तापमान चढते. इतके तापलेल्या विरळ वायूला निवण्यासही फार काळ लागतो. पुष्कळ ठिकाणी विश्वाच्या वयाइतका.

आता या तप्त वायूत एखादी बाहेरची दीर्घिका शिरते तेव्हा काय होते? तवंदीचा घाट उतरताना मोटारसायकलवरच्या गड्याच्या खांद्यावरील टॉवेल उडून मागे पडलेला आम्ही पाहिला आहे. त्या दिवशी झाडाचे पानही हलत नव्हते. हवा स्तब्ध होती, वारा त्या गड्याच्या वेगाने निर्माण केला होता. दीर्घिकेचेही असेच होते. तिचे तारे घट्ट व जड, त्यांना या वाऱ्याची दखल नसते. पण तिच्याजवळचा गार वायू ताऱ्यांच्या चकतीच्या बराच बाहेरपर्यंत पसरलेला असतो आणि कडेला तर तो खांद्यावरच्या टॉवेलासारखाच सैल असतो. तो आधी उडतो. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट या दोघांनी १९७२ साली हा हिशेब मांडला. पुढे १९८० साली रिचर्ड लार्सन, बिट्रिस टिन्सली आणि नेल्सन कॉल्डवेल यांनी आणखी एक, संथ मार्ग सुचविला : दीर्घिकेजवळचा वायू कोणी हिसकावला नाही तरी बाहेरून तिच्यात झिरपत राहणारा नवा वायू बंद पडला, तर असलेला साठा संपेपर्यंत तारे जन्मतात आणि मग थांबतात. पाटाचे पाणी तोडले तरी विहिरीवर पीक काही दिवस तगते, तसेच.

गार वायू गेला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते एवढेच की तारे गार वायूपासूनच होतात. तापलेल्या वायूचे कण सैरावैरा धावत असतात, ते गोळा होत नाहीत. थंडावलेला वायू स्वतःच्या भाराने आकसतो आणि त्यातून तारा जन्मतो. ज्या दीर्घिकेत नवे तारे जन्मतात ती तरुण ताऱ्यांमुळे निळसर दिसते. ज्या दीर्घिकेचा वायू संपला ती जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाने तांबूस होत जाते. समूहांच्या मध्यभागी तांबूस दीर्घिकांची गर्दी असते आणि निळ्या बहुधा वेशीवर आढळतात. म्हणजे वेशीवरच्या दीर्घिकांची पाळी अजून आलेली नाही. उपमा फार ताणू नये हे आम्ही जाणतो. ऊस आपल्या पायांनी काहिलीकडे जात नाही, दीर्घिका मात्र जातात.

आता मोजण्याचे. गार हायड्रोजन चमकत नाही. पण त्याच्या अणूतील इलेक्ट्रॉन कधीतरी आपली फिरण्याची दिशा पालटतो आणि त्या वेळी २१ सेंटिमीटर लांबीची एक रेडिओ लहर बाहेर पडते. डच शास्त्रज्ञ व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ साली हे भाकीत केले आणि १९५१ साली अमेरिकेत यूएन व पर्सेल यांनी ती लहर प्रत्यक्ष पकडली. एकेका अणूच्या वाट्याला ही घटना सरासरी एक कोट वर्षांतून एकदा येते. अणूंची संख्या अफाट, म्हणूनच काही ऐकू येते.

हे ऐकण्यासाठी खोडदला जी दुर्बीण उभी आहे तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, लोकांच्या तोंडी जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यावर सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरवर विखुरलेल्या. एका टोकापासून दुसरे टोक २५ किलोमीटर. हे सारे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या हिकमतीचे फळ. १९६५ साली त्यांनी कल्याणजवळ ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांवर आरंभ केला, १९७० पर्यंत उटीच्या डोंगरउतारावर मोठी दुर्बीण उभी केली आणि मग खोडद. २००१ साली जीएमआरटीचे लोकार्पण झाले. २०२० च्या सप्टेंबरात स्वरूप वारले.

२०२५ च्या फेब्रुवारीत, विज्ञानदिनाचे निमित्त साधून, आम्ही काही शाळकरी मुलांसह तेथे गेलो होतो. प्रवासाचे वर्णन करीत बसत नाही. तबकडी पहिल्यांदा पाहून मुले निराश झाली हे मात्र सांगितले पाहिजे. एवढा मोठा कान, आणि त्याला पत्राच नाही! बारीक तारांची जाळी, तिच्यातून पलीकडचे आभाळ दिसते. पण ज्या लहरी हाताच्या वितीएवढ्या किंवा त्याहून लांब, त्यांना जाळीची लहान छिद्रे जाणवतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती सलग भिंतच असते. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. ही खास स्वरूपांची युक्ती. पावशेर गुळात दिवाळी करणाऱ्या आमच्या आजीला ती फार आवडली असती.

याच दुर्बिणीने आमच्या शिक्षक-वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. 'एबेल ३७०' हा समूह तिमिंगल तारकासमूहात आहे. मार्गशीर्ष-पौषात संध्याकाळी मेष राशीच्या दक्षिणेस पाहावे, अर्थात दिसणार काहीच नाही. त्याचा आज आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. विश्वाच्या प्रसरणाने वाटेत लहरी ताणल्या जातात, म्हणून तेथून निघालेली २१ सेंटिमीटरची लहर येथे २९ सेंटिमीटरची होऊन येते. ऑस्ट्रेलियाचे फिलिप ला, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे जयराम चेंगलूर आणि त्यांचे सहकारी यांनी या समूहाच्या भोवतालच्या ३२४ दीर्घिका निवडल्या आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यातील गंमत अशी की त्या ३२४ पैकी एकीचाही आवाज स्वतंत्रपणे ऐकू येण्याजोगा नव्हता. मग ऐकले काय? दूरच्या रस्त्याने दिंडी चालली असता एका टाळाचा आवाज आपल्या ओसरीपर्यंत पोहोचत नाही. शंभर टाळ एका ठेक्यात पडले तर पोहोचतो. पण ठेका एक हवा. प्रत्येक दीर्घिकेचा समूहातील वेग निराळा, म्हणून तिची लहर रेडिओच्या पट्टीवर थोडी निराळ्या जागी येते. ती जागा कोणती हे ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीने प्रकाशाच्या साहाय्याने आधी नेमके ठरवून दिले. मग खोडदच्या नोंदी त्या-त्या जागेवर सरकवून एकावर एक ठेवल्या. अशा बेरजेत खरा आवाज ३२४ पट होतो आणि खरखर मात्र आपापसांत कटत जाऊन १८ पटच वाढते, कारण १८ गुणिले १८ म्हणजे ३२४. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे; वर्गमुळाचा इतका देखणा उपयोग पाठ्यपुस्तकात आमच्या पाहण्यात नाही.

बेरीज आली ती अशी. सर्व ३२४ दीर्घिकांत सरासरी गार हायड्रोजन सुमारे ६६० कोटी सूर्यांच्या वजनाइतका, पण त्यात ३५० कोटींची घट-वाढ संभवते. निळ्या १०५ दीर्घिकांत सरासरी १९०० कोटी सूर्यांइतका, घट-वाढ ६५० कोटींची. दुसरा आकडा अधिक भरवशाचा, हे उघड आहे. या समूहाभोवतीचा एकूण गार वायू आपल्या जवळच्या, अरुंधती केश तारकासमूहातील समूहाच्या आठपटीपर्यंत भरला. म्हणजे ४०० कोटी वर्षांपूर्वी समूहांच्या अवतीभोवती गार वायूचा साठा आजच्याहून पुष्कळ मोठा होता. तरीही ठेवण तीच : मध्याजवळच्या दीर्घिकांत वायू कमी, दूरच्यांत अधिक. तेव्हा वेशीवर असलेल्या त्या निळ्या दीर्घिका नंतरच्या काळात आत ओढल्या जाऊन वायू गमावून बसल्या असाव्यात. आपल्याला ऐकू आला तो त्यांच्या भरल्या घरचा आवाज.

दीर्घिकांच्या बाहेर, मोकळ्यावरही थोडा गार वायू असतो. २०१२ साली कन्या राशीतल्या समूहाच्या मागे असलेल्या तेजस्वी क्वासारांचा प्रकाश हबल दुर्बिणीने तपासला गेला. घाटात धुके असले की समोरच्या ट्रकच्या दिव्यावरून ते कळते, तसा वाटेतल्या वायूने प्रकाशाचा काही भाग खाल्लेला दिसला. हा वायूही मध्यातला तप्त प्रदेश टाळून बाहेरच्या बाजूस सापडला. याला 'गार' म्हणायचे की नाही हा प्रश्न आहे, कारण त्याचे तापमान दहा हजार अंशांच्या घरात असते. कोट्यवधी अंशांच्या शेजारी राहणाऱ्याला तेवढी सवलत द्यावी.

२०२० साली खोडदच्याच नोंदींवरून आणखी दूरचे मोजमाप झाले. आदित्य चौधरी, निस्सिम काणेकर आणि चेंगलूर हे पुण्याचे, तर के. एस. द्वारकानाथ आणि शिव सेठी हे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचे. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांची बेरीज करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या गार वायूचे वजन काढले. वायू विपुल होता, पण त्या वेळी तारे ज्या झपाट्याने जन्मत होते, त्या झपाट्याने नवी भर पडली नसती तर तो साठा शंभर-दोनशे कोटी वर्षांतच आटला असता. या शोधाचे एक टोक पुण्यात, दुसरे बंगळुरात. आपण राहतो ते याच दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर. त्या रस्त्याने कांद्याचे ट्रक जातात हे आपल्याला माहीत होते, हे माहीत नव्हते.

खोडदहून निघताना नारायणगावच्या एका टपरीवर चहाला थांबलो. शेजारी बसलेल्या टोमॅटोच्या शेतकऱ्याने आम्ही कोठून आलो ते विचारले आणि "निपाणी" म्हणताच म्हणाला, "म्हंजी लांबनं आलात पाव्हणं. काय बघितलंत?" आम्ही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमची रेल्वे त्याच्यापायी अडलीया."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग या दुर्बिणीच्या परिसरातून जातो, तो बदलावा लागेल अशी भूमिका केंद्र सरकारने घेतली आहे, आणि जुन्नर-नारायणगाव भागातील लोक त्याने नाराज आहेत. गाडीच्या विजेच्या तारांतून उडणारी ठिणगी, दळणवळणाची यंत्रे, फोन, या साऱ्यांची खरखर त्या ४०० कोटी वर्षांच्या आवाजापेक्षा कैक पटींनी मोठी असते. २९ सेंटिमीटरची ती लहर तर विमानांना वाट दाखविणाऱ्या लहरींच्या शेजारीच येते. तेथे आधीच गलबला. दुर्बीण एकदा बधिर झाली की तिला दुसरीकडे उचलून नेता येत नाही. डोंगरांच्या आडोशाची, शहरांपासून दूर अशी ही जागा मुद्दाम शोधून निवडली होती.

पण आम्हां निपाणीकरांना रेल्वेची वाट पाहणे म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. आजही गाडी धरावयाची तर कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे लागते. नाशवंत माल घेऊन ट्रकभाड्याची घासाघीस करणाऱ्या माणसाला एबेल ३७० ची महती सांगून गप्प करणे आम्हांला जमले नाही, आणि जमावे असेही वाटत नाही. आमचे मत विचाराल तर दुर्बीण राखलीच पाहिजे. तशी दुसरी होणे कठीण. पण ती राखण्याची किंमत एकट्या जुन्नर तालुक्याने मोजावी हे न्यायाचे नाही. वळसा घालून का होईना, त्या भागाला गाडी मिळाली पाहिजे, आणि तोवर आपल्या शेताच्या बांधापलीकडे काय ऐकले जात आहे हे त्या माणसाला त्याच्या भाषेत कोणीतरी नीट सांगितले पाहिजे. आम्ही टाळांचे उदाहरण देऊन पाहिले. त्याने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "मग त्यो वायू अजून हाय का तिथं?"

बहुधा नसावा, असे आम्ही सांगितले. आवाज ४०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. एवढ्या काळात त्या दीर्घिका आत गेल्या असतील.

"आन् तरी ऐकू येतंय," तो म्हणाला. चहाचे पैसे त्याने आम्हांला देऊ दिले नाहीत.

गाडी पुण्याच्या दिशेने लागली तसे मुलांनी सकाळपासून बंद ठेवलेले फोन एकेक करून सुरू केले.